भिंतीवरचा पासवर्ड

घोडेगाव, १४ सप्टें. २००८
पोलिसांनी मिलिंदला पुण्याला नेलं. त्याच्या सायबर कॅफेच्या ई-मेलवरून स्टेशन उडवण्याची धमकी गेली म्हणे. कॅफेला सील. सासूबाई जेवल्या नाहीत. मी जेवले.

१९ सप्टें.
अख्ख्या गावाचा ई-मेल एकच. लोक पासवर्ड विसरतात म्हणून मिलिंदने तो भिंतीवर लिहून ठेवला होता. निकाल, द्राक्षांचे भाव, दुबईतल्या मुलांची पत्रं, सगळं एकाच डब्यात. तो मोठ्याने वाचून दाखवायचा. मला ते सुंदर वाटायचं. मी एम.ए. मराठी.

३ ऑक्टो.
हवालदार येऊन गेले. "वैनी, मेल हितनं गेलाच न्हाई असं मलाबी वाटतंय. पण माझ्या वाटण्याला कोन इचारतंय?"
कुठून गेला ते ई-मेलच्या कंपनीला ठाऊक. कंपनी अमेरिकेत. पोलीस कोर्टाला लिहिणार, कोर्ट दिल्लीला, दिल्ली तिकडे. अशी माहिती लवकर मिळावी म्हणून बऱ्याच देशांनी करार केलाय, वकील म्हणाले. आपण त्यात नाही.

११ नोव्हें.
जामीन नाही.

२४ डिसें.
संसदेत नवा कायदा. सायबर दहशतवादाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. शेजारच्या गुरुजींनी आज पेपर बातमी आत घालून, घडी करून दिला. मी उलगडून वाचला.

९ जाने. २००९
तिकडून उत्तर आलं. अर्ज अपुरा. मेलची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाची, ते लिहिलेलं नाही. पुन्हा पाठवा. तोवर नोंदी ठेवतील की पुसतील...
भेटीत मिलिंदने विचारलं, भिंत पुसलीस का. सीलच्या आत आहे, म्हटलं. "मग राहू दे."

१५ जाने.
वकील म्हणाले, हा पासवर्ड परदेशात कोणाकडे होता? एक नाव द्या. संशय तिकडे वळेल, जामिनाचं बघू.
शिनोलीच्या हिराबाईंचा संजय दुबईत. जाताना भिंतीवरचा पासवर्ड उतरवून नेलेला. दर शुक्रवारी आईला लिहायचा. त्याने काही केलं नसणार. मिलिंदनेही नाही.

१८ जाने.
हिराबाई आल्या. एसटीने, भर उन्हात. संजयचं काही आलंय का, विचारायला. मेलचा डबा पोलिसांकडे आहे, सांगितलं.
"म्हंजी माझ्या पोराची पत्रंबी जेलात?"
हो म्हटलं.
"मंग सुटायची कवा?"
ओट्यावर बसून राहिल्या. मी चहा टाकला. वकिलांचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही. उद्या पुन्हा करतील.