पंचेचाळीस लिटर दूध

रविवार, १६ मार्च

प्रिय वन्सं,

मनापासून नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण माझे गुडघे पाहता तो खोटेपणा झाला असता. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. आता माझं अक्षर लागत नाही ही सबब चालायची नाही.

मागच्या दोन्ही पत्रांत मी नुसतं स्लाइड रूलचं पुराण लावलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "वहिनी, त्या पट्ट्या पुरे झाल्या, तुमचं काय चाललंय ते लिहा." लिहिते. पण सुरुवात पट्ट्यांपासूनच करावी लागेल, इलाज नाही.

तुमच्या दादांची पट्टी आठवते ना? ते असताना तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मी बावीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात तसल्याच पट्टीवर गुणाकार-भागाकार केले, पण घरी मलाही मनाई. ते गेल्यानंतर तीन वर्षांनी मी टेबलाचा खण आवरायला काढला, तेव्हा ती हाती लागली. मधली सरकपट्टी फुगून गच्च बसलेली. वरून फिरणारी काच, जिच्यावर ती बारीक रेघ असते, ती एका बाजूने लोंबत होती, कारण तिचा स्क्रू हरवला होता. तिळापेक्षा लहान स्क्रू. म्हटलं, घड्याळजीकडे मिळाला तर मिळेल.

वाचनालयाच्या जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, कपाटच. त्यांनी डोळ्याला भिंग लावून पट्टी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "हे कसलं घड्याळ?"

मी म्हटलं, "घड्याळ नाही. हे गुणाकार करतं."

त्यांनी भिंग काढलं, आतलं दुसरं स्टूल ओढलं आणि म्हणाले, "बसा. करून दाखवा."

वन्सं, मला करून दाखवा असं कुणी म्हटल्याला किती वर्षं झाली असतील?

त्या दिवसापासून आम्हा दोघांनाही वेडच लागलं. रद्दीवाले, भंगारवाले, बंद पडलेल्या कारखान्यांचे लिलाव, सगळीकडे आम्ही नाक खुपसतो. आजवर एकतीस पट्ट्या जमल्यात. पिवळी पडलेली पट्टी टूथपेस्टने हलक्या हाताने घासायची. रेघा पुसट झाल्या असतील तर त्यांत काळा रंग भरून वरचा लगेच पुसायचा, नाहीतर पट्टी कोळशासारखी होते. (पहिली तशीच झाली. माझ्या हातून.) अडकलेल्या सरकपट्टीला मेण. स्क्रू घड्याळजी स्वतः घडवतात, लेथवर, श्वास रोखून. माझाही रोखलेला असतो.

आणि दुरुस्त केली की वापरायची, हा आमचा नियम. नुसती कपाटात मांडायची असेल तर तिला बरं तरी कशाला करायचं?

आता एक गोष्ट समजून घ्या, पुढे लागणार आहे. पट्टी आकडे देते, दशांशचिन्ह देत नाही. चार-चार-आठ आलं तर ते साडेचारच्या आसपास, की पंचेचाळीसच्या, की साडेचारशेच्या, हे आपण डोकं चालवून ठरवायचं. आमची कामाची वाटणी अशी की रेघेखालचे आकडे मी मोठ्याने वाचायचे, आणि दशांशचिन्ह देऊन त्यांनी ते कागदावर उतरवायचे. दोन वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी वाचनालयात आमच्या पट्ट्यांचं प्रदर्शन होतं. बत्तीस जण येणार होते, बहुतेक सगळे निवृत्त इंजिनिअर आणि गणिताचे मास्तर. माणशी दोन कप चहा, कपाला सत्तर मिलीलिटर दूध. दुसरीतलं पोरही बोटांवर सांगेल, पण आम्हाला तो कमीपणा वाटतो ना! पट्टी काढली. मी वाचलं, "चार, चार, आठ." त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि डेअरीत देऊन आले.

प्रदर्शनाच्या सकाळी दूधवाला दोन भले मोठे कॅन घेऊन वाचनालयाच्या दारात हजर. पंचेचाळीस लिटर!

घाम पुसत त्याने विचारलं, "लग्नघर हेच का?"

आम्ही दोघं एकदम ओरडलो, "नाही!" इतकं एकदम आणि इतक्या जोरात, की तो बिचारा दचकला. मग त्याने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हसत हसत निघून गेला.

पाहुण्यांना चहा पाजून पाजून किती पाजणार? उरलेलं चाळीस लिटर आम्ही आजूबाजूच्या तीन इमारतींत दारोदार वाटलं. ते कॅन उचलायचे, मी मापाने ओतायची. लोकांनी पातेली आणली, तांबे आणले, एकाने तर बादली आणली. मी हसून हसून पायरीवर बसले, वन्सं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेही शेजारी टेकले. मी म्हटलं, "दोन वर्षांत चुकला नाहीत, आणि आज दशांशचिन्ह कुठे गेलं होतं?"

ते रिकाम्या कॅनकडे बघत म्हणाले, "माझं कागदाकडे लक्षच नव्हतं. तुम्ही आकडे वाचत होता, मी तुमच्याकडे बघत होतो. बरेच दिवस असंच चाललंय. म्हटलं, आता सांगून टाकावं, नाहीतर पुढच्या वेळी साडेचारशे लिटर येईल."

हे घ्या. सांगितलं एकदाचं. मागच्या दोन पत्रांतून हेच गाळलं होतं.

मी तिथेच लग्नाला हो म्हटलं. वय वर्षं चौसष्ट, आणि जरा वेळ मागून घेण्याचंही सुचलं नाही. लेकाला फोन केला. त्याला रजा नाही, लग्नाला येता यायचं नाही, पण तो म्हणाला, "आई, तू खूश आहेस ना? मग झालं. पण आत्याला तूच सांग, मी नाही सांगणार." भित्रा मेला. तुमच्या घराण्यावर गेलाय.

मी तरी कुठे शूर आहे? लोक काय म्हणतील याची मला फिकीर नाही. भीती तुमचीच वाटते. अडतीस वर्षं तुम्ही माझं माहेर होऊन राहिलात. दादा गेले तेव्हा तुम्ही दोन महिने माझ्या खोलीत गादी टाकून झोपलात. तुमचा दादा मी विसरले असं तुम्हाला वाटलं तर ते मला सोसायचं नाही. मी विसरले नाही. अजूनही त्यांच्यावर रागावते, दिवसातून एकदा तरी, आणि त्यांची आठवण येऊन रडतेही. आणि तरीही मी खूप आनंदात आहे, वन्सं. दोन्ही खरं आहे. दादांची पट्टी आता आम्ही दोघंही वापरतो, हेही लपवत नाही.

२८ तारखेला, शुक्रवारी अकरा वाजता नोंदणी आहे. तीन साक्षीदार लागतात. घड्याळजींच्या बाजूने त्यांचा भाऊ आणि वाचनालयाचे ग्रंथपाल आहेत. कारकुनाने विचारलं, "तुमच्याकडून कोण?"

मी म्हटलं, "नणंद."

त्याने मान वर केली. "म्हणजे यांची बहीण?"

"नाही. माझ्या नवऱ्याची."

"कुठल्या नवऱ्याची?"

"पहिल्या."

त्याने पेन खाली ठेवलं. घड्याळजी तिकडे भिंतीकडे तोंड करून हसत होते. मी म्हटलं, "लिहा हो. नातं आहे ते, पुसून टाकायला पेन्सिलीने लिहिलेलं नाही." लिहिलं त्याने.

तर तिथे तुमचं नाव लिहून झालंय, तुम्हाला न विचारता. सही करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. नाही आलात तर तिथे दुसरं कुणीतरी सही करेल, लग्न अडायचं नाही, पण त्या कागदावर माझ्या बाजूला माझं असं कुणी नसेल.

आलात तरी, न आलात तरी,
तुमचीच
वहिनी