पाच पानं आणि एक पाकळी

डिचोली, ४ मार्च २०१८

ती. परशुराममामांस,
गुरुदासचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर मी चिडतो आणि ठेवून देतो म्हणून पत्र लिही म्हणालात, तर घ्या. तुमच्या माकडहाडातल्या गाठीपर्यंत चाकू पोचत नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगून महिना झाला. जपानात कार्बनचे कण नेमके गाठीवर सोडतात. तुमचा दीपकदादा बोटीवरच्या नोकरीतून खर्चाचं बघतोय. आणि तुम्ही पार्सेच्या देवीला कौल लावणार. मूर्तीवरची पाकळी उजवी पडली तर हो, डावी पडली तर घरी कण्हत बसा.

तिथं तुम्ही नुसतं निजायचं. भरलेल्या वीस खनिज ट्रकांएवढा सांगाडा तुमच्याभोवती फिरतो. आधीचे सांगाडे याच्या दुप्पट जड होते. यातले चुंबक उणे दोनशे एकोणसत्तर अंशांवर थंड ठेवतात. मग तारेत वीज अडत नाही, लहान चुंबकाला मोठा जोर येतो.

त्या चुंबकांवर आमच्या वर्गातली पूनम काम करते. होय, तीच. कॉलेज मी तिच्यापायी सोडलं नाही, प्राध्यापक माठ होता म्हणून सोडलं. रिपोर्ट धाडा. तिने माझा नंबर बंद केलाय, टपालाने पाठवतो.

देवीवर लोभ आहेच, थोडा स्वतःवरही करा.
गुरुदास

पार्से, ११ मार्च

चि. गुरुदास यास अनेक आशीर्वाद.

जन्मभर मी देवीभोवती फिरलो. आता कोणी माझ्याभोवती फिरत असेल तर मी कशाला नको म्हणू रे बाबा? रिपोर्ट बसवाल्याकडे दिलेत. कौल मात्र लावला. काय विचारलं ते सांगत नाही, तू उसळशील.

मामी विचारते, प्राध्यापक माठ होता तर त्याच्याच वर्गात पूनम पहिली कशी आली. नुसते पोदेराकडचे उंडे-पाव खाऊन राहू नकोस.

तुझा मामा

डिचोली, २० मार्च

ती. मामांस सा. न.

पाकीट गेलं. लिहिता लिहिता पाच पानं झाली. आता पाकळीची नको, पोस्टमनची वाट बघा. मामींना सांगा, पूनम पाठांतरावर पहिली आली.

गुरुदास

पार्से, २२ एप्रिल

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

पूनमचं उत्तर तिच्या आईकडे, सुमंगलाकडे आलं. तुझ्या पाकिटात पाचही पानं निघाली. रिपोर्ट एकही नाही. चुंबक लोखंडाला ओढतो तशी तू मला ओढतेस, असं काहीतरी लिहिलंस म्हणे. ती म्हणते, आमचे चुंबक कणांना ओढून घेत नाहीत, त्यांची वाट वळवतात. एवढं तर दुसऱ्या वर्षालाच असतं, थांबला असता तर कळलं असतं.

जाऊ की नको, हे मी देवीला विचारलंच नव्हतं. तेवढी अक्कल आहे मला. रिपोर्ट तुझ्या एकट्याच्या भरवशावर सोडू का, एवढंच विचारलं. पाकळी डावी पडली. म्हणून दुसरी प्रत सुमंगलाकडे दिली, तिने फोनवरून पाठवली. जूनची तारीख मिळाली आहे.

दीपक बोटीवर, मामीला विमानाची भीती. सोबत तूच चल. पूनमची हरकत नाही, फक्त पत्र लिहू नये म्हणते.

तुझा मामा

डिचोली, २७ एप्रिल

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

रिपोर्ट माझ्या उशीखाली सापडले. पासपोर्टचा अर्ज आज पणजीला देऊन आलो. सामान मी उचलीन, कागदांची पिशवी तुमच्याकडेच राहू दे. निघण्याआधी कौल लावायचा असेल तर लावा, मी देवळाबाहेर उभा राहतो. फक्त या खेपेला काय विचारणार आहात, ते मला आधी सांगा.

तुमच्या लोभाला अजून लायक नसलेला,
गुरुदास