देवाच्या छातीचा फोटो

शिरूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कां. अनुपमा हीस अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. कॅनॉलचं पाणी बंद झाल्यापासून दुकानात विहिरींवरच्या जळक्या मोटारींची रांग आहे. लग्नाची पत्रिका पोचली. कार्यालयाच्या पत्त्यात ‘दौंड’ दोनदा छापलंय. असो.

शाळेतलं तुझं भाषण चांगलं झालं. गॅमा किरणांचा स्फोट बघता बघता विझतो, मागं क्ष-किरणांची झळाळी उरते, ती फिक्की पडायच्या आत अवकाशातल्या दुर्बिणीला तिकडं वळावं लागतं, हे पोरांना नीट कळलं. एक वाक्य सोडून सगळं चांगलं. तू म्हणालीस, ‘माझे मच्छिंद्रमामा विचारायचे, अनू, एक्स-रेची दुर्बीण म्हंजी देवाच्या छातीचा फोटू काढता व्हय?’ सगळे हसले. मीही हसलो. पहिल्या रांगेत बसलेला माणूस दुसरं काय करणार?

ते वाक्य माझं नाही. ते हौसराव दाजींचं, तुझ्या वडिलांचं. तुमच्याच ओट्यावर बोलले होते. त्यावर मी म्हणालो होतो, ‘दाजी, ही दुर्बीण किरण सोडत नाही, तिकडून आलेले झेलते. आपली हवा ते खाली येऊ देत नाही, म्हणून तिला वर पाठवायची.’ तू तेव्हा मान डोलावली होतीस. भाषणात पुढं हेच सांगितलंस, जवळजवळ याच शब्दांत. ते मात्र कुणाचं, ते सांगितलं नाहीस.

फोनवर म्हणालीस, ‘गंमत केली हो मामा. सासरची माणसं बसली होती, आप्पांचं नाव कसं घेऊ?’ कळलं. बापाची लाज राखायला मामाची खर्ची घातली.

आता गिऱ्हाईक मोटार टेकवायच्या आत विचारतं, ‘शेठ, देवाला दम लागलाय म्हनं?’ परवा दाजी आले. चहा पिता पिता म्हणाले, ‘मच्छिंद्रा, लई भारी बोल्ला व्हतास रं!’ त्यांनाही आता ते माझंच वाटतं.

वाचनालयातली पुस्तकं आणून, डिक्शनरी मांडीवर घेऊन मी हे शिकलो. भिंतीवर लावायला माझ्याकडं सर्टिफिकेट नाही. एक तू होतीस.

ताईचा निरोप मिळाला, ‘रुसायचं तर नंतर रुस, पण पोरीच्या मागं उभा राहा.’ मंगलाष्टकांच्या वेळी मामाची जागा रिकामी ठेवता येत नाही, हे मलाही कळतं. तुझा चुलतमामा माऊली उभा राहील, त्याला सांगून ठेवलंय. त्याला यातलं खरोखरच काही कळत नाही. तुझ्या पुढच्या भाषणालाही उपयोगी पडेल.

मामाची पिवळी साडी त्याच्याबरोबर पाठवतोय. फॉल लावून घेतलाय. पदराजवळ एक धागा ओढला गेलाय, दुकानदार बदलून देईना. नेसताना तेवढा आत घे, लोकांना दिसेल.

सुखानं नांद.

मच्छिंद्र तुकाराम गव्हाणे,
मोटार रिवाइंडिंग, शिरूर