पाटीवरचा न्यूझीलंड

गांधीधाम, शुक्रवार

प्रिय मनकर्णा,

तुला आणि मायला जयभीम. फोनवर माय मधीच बोलते, म्हणून लिहून राह्यलो. मी मजेत आहे, भाकरी-ताक मिळते. मायचा खोकला थांबला का?

दुकानासाठी पाईनचे ओंडके बघितले. आपल्या इचोड्यात पाईनला सगळे 'न्यूझीलंड'च म्हणतात. इथल्या बंदरावरचा म्हातारा मुकादम ते ऐकून हसला. म्हणे, "सेठ, वो जमाना गया." आधी तिथलंच लाकूड यायचं, उरुग्वेचं औषधालाही नसायचं. मग जहाजात चढवण्याआधी लाकडाला कीड मारायची धुरी द्यावी लागते, तिच्या नियमावरून तिथलं लाकूड अडलं. न्यूझीलंडचा माल घटत गेला, उरुग्वेचा वाढत गेला. उद्या परत उलटंही होईल.

दोन्ही देशांचे ओंडके ठोकून ऐकले. फरक माझ्या कानाला कळला, पलंगावर झोपणाऱ्याला कळणार नाही. इथं आता उरुग्वेचाच माल जास्त, तोच घेतला.

आता आपले गिऱ्हाईक पांडुरंगराव. "बाई, पलंग न्यूझीलंडचाच पाहिजे," असं ते तुला बजावून गेले आहेत. त्यांना खरं सांग. "काऊन?" म्हणून चिडले तर आधी चहा दे. ते फिरले तर त्यांच्या मागची गिऱ्हाइकंही फिरतील, हे मला कळतं. तरी सांग.

आणि दुकानाची पाटी रंगवणाऱ्या पेंटरला थांबव. पाटीवर 'न्यूझीलंड टिंबर' नको. देशांचं वरखाली होत राहते, दर वेळी पाटी कोण रंगवणार? आपण मूळ बेला गावचे, हे मात्र कोणत्याही साली खरंच राहील. 'बेलावाले टिंबर' असंच लिहायला सांग.

तुझा,
मारोती बेलावाले