सुशीलाचं नाव

प्रिय सुविधा बाय,

इथे फोनला रेंज मिळते, तरी मुद्दाम पत्र लिहितोय. हे फोनवर माझ्याच्याने सांगून होणार नाही.

किन्नौरमधल्या ज्या रस्त्याच्या कामावर मी डंपर चालवतो, त्याच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. तिथे सूरजमणी नावाच्या म्हातारीकडे मी खोली घेतलीय. तिचा नवरा यंदाच गेला. इकडे बाया-पुरुष सगळे लोकरी गोल टोप्या घालतात आणि टोपीत फूल खोवतात. हिच्या टोपीत फूल नाही. घरचं माणूस गेलं की फुलांचा सण येईपर्यंत फूल घ्यायचं नाही, गाणं म्हणायचं नाही, अशी या गावाची रीत. हे सांगता सांगता तिने मलाच विचारलं, तुझ्या घरचं कोण गेलं? तोवर मी कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता, बाय. तिला सांगितलं.

तो सण गेल्या आठवड्यात झाला. गावातले चार गडी बर्फाच्या कडेपर्यंत चढून गेले आणि दोन दिवसांनी पाठीवरच्या करंड्या भरून फुलं घेऊन उतरले. ब्रह्मकमळं, आणि एक निळं फूल. तसला निळा रंग मी मोरजीच्या समुद्रातही पाहिला नाही. अख्खा गाव ढोल वाजवीत सामोरा गेला. देवाची पालखी अशी उसळत होती की माणसं तिला नाचवत नव्हती, तीच माणसांना नाचवत होती. शिरगावच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे देवीचे व्रतकरी, धोंड, मी लहानपणापासून पाहिलेत. तरी अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

मग ज्यांच्या घरचं कोणी वर्षभरात गेलं, ती कुटुंबं कड्याशी बसली. गेलेल्याच्या आवडीचं वाढायचं, फुलं ठेवायची, नाव घेऊन हाक मारायची आणि बोलायचं राहिलेलं बोलायचं. नंतर ते अन्न गावाने वाटून खायचं. सूरजमणीने नवऱ्याचं ताट मांडलं, आणि शेजारी आणखी एक. मोडक्या हिंदीत मला म्हणाली, "नाव घे तिचं. नावाशिवाय ती येणार कशी?"

लग्नातल्या उखाण्यानंतर तुझ्या आईचं नाव मी तोंडाने घेतलंच नव्हतं. 'अगो' म्हटलं की ती यायची. मी उभा राहिलो आणि सुशीला अशी हाक मारली. माझ्यामागून सगळ्या गावाने ती हाक दिली, आपापल्या उच्चारात. ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही, त्या माणसांनी. मग मी राहिलेलं बोललो. मराठीत बोललो, म्हणून कुणाला कळलं नाही. तुला मात्र कळायला हवं.

त्या सकाळी ती बरी होती, हे मी तुला सांगितलं ते खोटं. छातीत जड वाटतंय, साखळीच्या डॉक्टरकडे नेता का, असं ती म्हणाली होती. मी म्हटलं, खाणीवरची एक खेप टाकून येतो, दुपारी जाऊ. दुपारी आलो तेव्हा ती गेलेली होती. तू म्हापशाला कामावर होतीस, तिचा फोन तुला घेता आला नाही, आणि तेव्हापासून तू स्वतःला दोष देतेस. मी ते बघत होतो आणि गप्प राहिलो. बघवेना, तेव्हा शिमगा झाल्यावर इतक्या लांब पळून आलो. तुला फोन करण्याआधी तिने मला सांगितलं होतं, बाय. चूक माझी. वर्षश्राद्धाला मी येतोय. तेव्हा रागाव, हवं ते बोल, मी ऐकून घेईन. पण त्या फोनचं ओझं आजच खाली ठेव, माझ्या येण्याची वाट बघू नकोस.

तुझाच,
बाबा