मोनालीनं फॉर्मात लिहिलेलं कारण

राजकोट

प्रिय सुनंदा, सप्रेम जय भीम.

कपाशीची पऱ्हाटी उपटायचा चिमटा, सोयाबीनची चाळणी, तुरीची चक्की: माझ्या हातची तिन्ही अवजारं इथल्या प्रदर्शनात मांडली. चिमट्याचा दांडा बरोबर साडेतीन फूट आहे, बाईला वाकावं लागत नाही.

तुझा गुडघा कसा आहे?

मोनालीचा यवतमाळहून फोन आलता. 'धंदा करावा असं कशामुळे वाटतं?' असा फॉर्म कॉलेजनं भरून घेतला. तिनं लिहिलं, 'बाबाले पाहून.' मी म्हटलं, "बाबाची फाटकी चप्पल नाही दिसली काय तुले?" म्हणते, "दिसली. तुम्ही बनवता, पण विकाले लाजता. ते मी करीन."

तुझा उकंडा

ता. क. तुला न विचारता इथल्या कारखान्याची कायमची नोकरी नाकारली, रागावू नको. मीच चाकरीला लागलो, तर पोरीनं कोणाकडं पाहायचं? महिना बावन्न हजार आणि राहायला खोली देत होते.