पट्टीपलीकडचं घर

५ जानेवारी, रविवार

मीठ संपलं. रविवार. म्हणजे उद्या.

आईनं डाळीत चिंच जास्त घातली. न बोलता जेवलो. समोरच्या पट्टीवर सकाळपासून शर्यतीच्या गाड्या. दोन-दोन सुटतात, सरळ येतात, आमच्या कुंपणाच्या जरा आधी थांबतात. प्रत्येक जोडीला ताटातलं वरण थरथरतं. आम्ही वाटीवर हात ठेवतो. पाहुण्यांना हसू येतं. पाहुणे रविवारी येत नाहीत, त्यामुळे फार वेळा येत नाही.

७ जानेवारी, मंगळवार

केतन आला. पट्टीच्या नव्या मालकांनी नेमलेला व्यवस्थापक. बूट बाहेर काढतो, आईला वाकून नमस्कार करतो.

"मॅडम, तुम्ही कॉलेजात मराठी शिकवता ना? आपल्या ट्रॅकचा इतिहास लिहून द्या. फाटकाशी फलक लावायचाय. छोटाच."

आपल्या.

हो म्हटलं. नाही म्हणायला या घरात कुणी शिकवलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

इतिहास, पहिला खर्डा.

आधी भातखाचरं. मग एका कारखान्यानं जमीन घेतली. कारखाना आला नाही, फक्त त्याचा रस्ता आला. काँक्रीटचा, रुंद, सरळ, कुठेही न जाणारा. त्याच्याही आधी बाबांनी खाडीकडच्या टोकाला घर बांधलं होतं. ते तारापूरला पाळीवर जायचे. बोईसरला जायची आमची पायवाट त्या नव्या रस्त्याला आडवी आली. तेव्हा कुणाला त्यात काही वाटलं नाही.

सरावलीच्या खोल्यांत राहणारी कामगार पोरं सुट्टीच्या दिवशी मोटरसायकली घेऊन येऊ लागली. कोण पुढे, एवढंच. मग बोईसरचे गॅरेजवाले अन्वर मिस्त्री. त्यांनी रस्ता भाड्यानं घेतला, चुन्यानं आरंभरेषा मारली, निशाण हातात घेतलं. रस्त्याची पट्टी झाली.

इथवर ठीक. पुढे आमचं घर येतं. त्याला वाक्य सापडत नाही.

१२ जानेवारी, रविवार

मिस्त्री सकाळी अर्धा नारळ घेऊन आले. दर शर्यतीचं हे ठरलेलं. पहिल्या जोडीआधी आरंभरेषेवर नारळ फुटतो. अर्धा पोरांना, अर्धा आईला. मग प्रश्न.

"अम्मा, आज कुठं जायचं हाय?"

"नाय रे बाबा. तुमी खेळा."

मग ते परत जातात आणि निशाण पडतं. मी कॉलेजात शिकत होते तेव्हापासून हीच दोन वाक्यं.

आज ते उंबऱ्याशी रेंगाळले. "निशाण गेलं, अम्मा. साहेबानं दिव्यांचा खांब आणला. लाल, पिवळा, हिरवा, सगळं आपोआप. मी आता फाटकावर."

"मग नारळ कोण फोडंल?"

"खांबाला शिकवतो म्हणे."

दोघं हसली. आई जास्त वेळ.

१४ जानेवारी, संक्रांत

केतन तिळगूळ घेऊन. पट्टीला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा लावणार. बघायला येणाऱ्यांना काही होऊ नये म्हणून. खरं आहे त्याचं.

"तुमच्या वाटेपुरती फट ठेवतोय. सध्या. रविवारी तुम्ही ओलांडता का कधी?"

"नाही. रविवारी आम्ही बाहेर पडतच नाही. उगाच तुमचा खोळंबा."

"वा. थँक्यू, मॅडम."

तो गेल्यावर आई म्हणाली, "काय दिलंस गं त्याला?"

"तिळगूळ."

"तेवढाच नाय."

१८ जानेवारी, शनिवार

चादर. इतिहासात घालावी का?

ठरलं तेव्हा मी ओट्यावर बसले होते. बाबा आणि मिस्त्री, दोघांच्या हातात चहा. लिहिलेलं काही नाही. घरातल्या कुणाला पलीकडे जायचं असलं तर अंगणातल्या वाशावर पांढरी चादर चढवायची. आरंभरेषेवरून ती दिसते. दिसली की गाड्या बंद. ज्या घरानं चढवली त्यानंच उतरवायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. उतरली की खेळ सुरू.

मिस्त्री गेल्यावर बाबांनी घरापुरता आणखी एक नियम केला. "चादर जिवाच्या गोष्टीला. मिठामिरचीला नाय. पोरं आठवडाभर राबून येतात, त्यांचा एकच दिवस."

तीनदा चढली.

पहिल्यांदा वहिनीच्या कळा. दादा तिला घेऊन धावला, आई मागे राहिली आणि चादर उतरवायला विसरली. दुपार झाली. गाड्या उभ्या, पोरं उन्हात. कुणी ओरडलं नाही. शेवटी मिस्त्री कुंपणाशी आले. चादरीचं नावही काढलं नाही. म्हणाले, "अम्मा, मुलगा की मुलगी?"

दुसऱ्यांदा बाबांच्या छातीत दुखलं.

तिसऱ्यांदा बाबा परत आले. मी घरात होते, मी चढवली. पट्टीवरून चौघांनी त्यांना आणलं. पोरांनी हेल्मेटं काढून हातात धरली होती.

पट्टीचा एवढाच इतिहास मला नीट माहीत आहे.

२६ जानेवारी, रविवार

मिस्त्री आले नाहीत. फाटक सोडता येत नाही. आई आंघोळ करून उंबऱ्यात बसली. नारळ नाही, प्रश्न नाही. खांबावरचे दिवे लागले, पहिली जोडी सुटली.

आई उठेना. आज तिला 'नाय' म्हणायलाही कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी सातपाटीहून मावशीचा फोन. मावशी सुकी मासळी विकते. आठवडाभर कुठल्या ना कुठल्या बाजारात, रविवारी तेवढी घरी. आधी बाजार उरकून तीच यायची, आता गुडघे. तिला कमी ऐकू येतं, आईला गाड्यांमुळे काही ऐकू येत नाही. दोघी एकमेकींना "काय? काय?" म्हणत राहिल्या. फोन ठेवून आई म्हणाली, "बरी हाय."

३ फेब्रुवारी, सोमवार

कठडा आमच्या बाजूनं पुरा झाला. कंबरेएवढा, चकचकीत. वाटेवर फट आहे. एक माणूस आणि एक पिशवी.

कॉलेजातून येताना ओलांडताना दोन्हीकडे बघितलं. पट्टी रिकामी होती. तरी पावलं भरभर पडली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आता शनिवारीही गाड्या. 'सराव'. मला सकाळी तास होता. फटीशी उभी राहिले, दिवे लागले होते, मागे आले. कॉलेजात फोन करून ताप आहे म्हटलं.

मागच्या बांधावरून जाता आलं असतं. भरती होती, बांध पाण्याखाली.

चादर मनात आली. तास ही जिवाची गोष्ट नव्हे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दादाचा फोन, वसईहून. "इकडे या दोघी. किती दिवस त्या कोंडवाड्यात?"

फोन आईला दिला. ती ऐकत राहिली. मग: "तुझ्या तिसऱ्या माळ्यावर येऊन काय करू? तितं तर वासापन नाय."

दादाला कळलं नाही. मला हसू आलं, मग नाही आलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

केतननं कार्यालयात बोलावलं. चहा, बिस्किटं. फलकाचा मजकूर आवडला. आमच्या घराबद्दल त्यात काही नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मीच लिहिलेलं नाही.

मग म्हणाला, "मॅडम, पुढच्या सोमवारी फट बंद करतोय. तिथे फाटक बसेल. एरवी उघडं. शनिवार-रविवार कुलूप. पुढे बुधवारी संध्याकाळीही सराव होईल, तेव्हा मी आधी कळवेनच."

"वाट आमची आहे."

"आहेच ना. पण तुम्हीच म्हणालात, रविवारी तुम्ही बाहेर पडत नाही. मी मालकांना तसंच सांगितलं. त्यांनाही फार कौतुक वाटलं तुमचं."

"आणि चादर?"

"कसली चादर?"

सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं. "किती सुंदर. हे फलकावर घालू या." मग, "शेवटची कधी लावली होती?"

"बाबा गेले तेव्हा."

"बघा ना," तो म्हणाला. हळू, समजावून सांगावं तसा.

बिस्कीट हातातच राहिलं. घरी आणलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आईला सगळं सांगितलं. तिनं बिस्कीट कावळ्याला घातलं.

"आमी कंदी मागितलं नाय म्हणून आमाला नको, असं हाय होय?"

"तसंच."

"तुझ्या बापाचा नियम," ती म्हणाली. वाक्य पुरं केलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आईनं पेटीतली चादर काढून धुतली. भीती वाटली. विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय?"

दोरीवर नाही, पलंगावर पसरून वाळवली. बाहेर पांढरं काही वाळत घालत नाही आम्ही. हेही कुणी सांगितलेलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सातपाटी. मावशीच्या ओटीवर बसून लिहितेय.

सकाळी मिस्त्री आले. फाटक सोडून. हातात अर्धा नारळ.

"आज शेवटचा, अम्मा. उद्या तर..." मग सवयीनं, उंबऱ्याकडे बघत: "आज कुठं जायचं हाय?"

"जायचं हाय."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "काय झालं? कुणाला..."

"कुणाला काय नाय झालं. सातपाटीला बहिणीकडं जायचं हाय. सुकट आणायचीय."

"सुकट."

"हो. आणि जेवून येणार."

मिस्त्रींनी नारळ आईच्या हातात दिला. मग म्हणाले, "मला पावशेर." आणि गेले.

आईनं लुगडं बदललं. चादर तिनं स्वतः चढवली. मी वासा धरला. बाहेर आलो, फटीशी उभ्या राहिलो. लांब आरंभरेषेवर दोन गाड्या, मागे रांग. इंजिनं चालू. केतन खांबाजवळ होता, आमच्याकडे बघत नव्हता. मिस्त्री त्या दोन गाड्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. हातात जुनं निशाण. कुठून काढलं कोण जाणे.

दिवे लागले. लाल, पिवळा, हिरवा.

कुणी सुटलं नाही. आधी एक इंजिन बंद झालं, मग दुसरं, मग मागची. एक नवीन पोरगा हॉर्न वाजवत राहिला. कुणीतरी त्याला म्हणालं, "अबे रुक. चादर है." तोही थांबला.

आई पट्टीवरून सावकाश चालली. हात धरला तर झटकला. मधोमध आल्यावर थांबली. मला वाटलं दम लागला. ती टोकापासून टोकापर्यंत पट्टी बघत होती. "एवढीच हाय होय," म्हणाली.

बोईसरहून पालघर, तिथून रिक्षा. मावशीला आधी सांगितलं नव्हतं. ती दारात सुपात सुकट निवडत होती. आईला बघून रडायला लागली. तिला वाटलं, कुणीतरी गेलं. रविवारी आमच्या घरून माणूस आला म्हणजे दुसरं काय? समजूत घालायला वेळ लागला. मग आईला शिव्या दिल्या. भरपूर, किनाऱ्यावरच्या. आईनंही परत दिल्या.

जेवायला बसायच्या आधी केतनचा फोन.

"मॅडम, तुमची चादर उतरवायची राहिलीय."

तेव्हा लक्षात आलं. आजवर दर वेळी घरात कुणीतरी मागे राहिलं होतं. आज घर रिकामं. पहिल्यांदाच. आईकडे बघितलं. तिनं सूप पुढे ओढलं.

"हो," मी म्हटलं.

"आम्ही उतरवू का? मिस्त्री कुणाला अंगणात जाऊ देत नाहीत. मुलं पण ऐकत नाहीयेत. सगळे उभे आहेत, मॅडम."

त्याच्या मागे इंजिनं नव्हती. कुणीतरी खोकलं, तेही ऐकू आलं.

"कधी येताय?"

फोनवर हात ठेवून आईला विचारलं.

"त्याला विचार, उद्या फट बुजवनार हाय का."

विचारलं. तो मागे कुणाला तरी 'थांबा' म्हणाला. मग म्हणाला, "मालकांना विचारून सांगतो." फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

तासभर झाला. फोन आलेला नाही. दोनदा उघडून बघितला.

मावशीनं पानं घेतली. सुकटीची आमटी, भाकरी, वरण-भात. मीठ आईनं मागून घेतलं. जेवताना मावशीनं तिला ढोसलं. "काय गं, वरण नको तर सांग ना. वाटी झाकून काय बसलीस?"

आईनं खाली बघितलं. डावा हात वाटीवर होता. माझाही.